कोल्हापूरहून सॅन फ्रान्सिस्को: अंतर, विमानातला वेळ आणि दारापासून दारापर्यंतचा हिशेब

शेजारच्या काकूंनी तिकीट पुढं केलं आणि म्हणाल्या, "अरे, आठच तासांत पोचतोय की आम्ही! पहाटे साडेचारला मुंबईतून निघायचं, दुपारी बारा चाळीसला सॅन फ्रान्सिस्को." तिकिटावरच्या दोन्ही वेळा बरोबर होत्या. उत्तर मात्र साडेतेरा तासांनी चुकलं होतं.

मुलं-सुना परदेशात असलेल्या घरांतून हा घोळ मी इतक्यांदा निस्तरलाय की आता लिहूनच काढतो. अंतर वेगळं, विमानात बसण्याचा वेळ वेगळा आणि घराच्या दारापासून मुलाच्या दारापर्यंतचा वेळ आणखी वेगळा. आपण एकाचं उत्तर दुसऱ्याच्या खात्यात टाकतो. खाली कोल्हापूर ते सॅन फ्रान्सिस्को हे उदाहरण घेतलंय. टोरांटो असो, लंडन असो, पायऱ्या याच आणि याच क्रमानं. उदाहरणातलं वेळापत्रक समजावण्यापुरतं आहे. तुमच्या तिकिटावरचे आकडे तुम्ही घाला.

बसण्याआधी हाताशी ठेवा

तिकिटाची छापील प्रत (मोबाइलवर बोटानं सरकवत हिशेब करू नका, हमखास ओळ चुकते), कोरा कागद, पेन्सिल, भिंतीवरचं कॅलेंडर आणि साइन-कोसाइनची बटणं असलेला कॅलक्युलेटर. मोबाइल आडवा धरला की बहुतेकांच्या कॅलक्युलेटरमध्ये ती बटणं दिसतात.

१. शहर नव्हे, विमानतळ पक्का करा

प्रत्येक विमानतळाला तीन अक्षरी कोड असतो. कोल्हापूरचा, म्हणजे उजळाईवाडीचा आपला केएलएच, मुंबईचा बीओएम, पुण्याचा पीएनक्यू, सॅन फ्रान्सिस्कोचा एसएफओ. शोधताना शहराचं नाव टाकू नका, कोड टाका. सॅन होजे कॅलिफोर्नियात आहे आणि कोस्टा रिकातही. बर्मिंगहॅम इंग्लंडात आहे, अमेरिकेत अलाबामातही. सिडनी नावाचं गाव कॅनडात आहे आणि त्यालाही स्वतःचा विमानतळ आहे.

गोव्यात दाबोळी जीओआय आणि मोपा जीओएक्स. मुंबईचंही आता तसंच झालंय. डिसेंबर २०२५ मध्ये नवी मुंबईचा विमानतळ सुरू झाला, त्याचा कोड एनएमआय. कोल्हापूरकरांना तो पनवेलच्या अलीकडे-पलीकडेच पडतो, पण तुमचं विमान सहारहून, म्हणजे मुंबईच्या जुन्या विमानतळावरून असेल तर त्याचा उपयोग शून्य.

*तपासा:* सुटण्याचा कोड, थांब्याचा कोड, उतरण्याचा कोड, तिन्ही कागदावर एकाखाली एक लिहिले का? सहारचं टर्मिनल २ की सांताक्रूझचं १, तेही लिहा.

२. सरळ अंतर काढा

इथं पहिली मोठी चूक होते ती भिंतीवरच्या नकाशामुळं. नकाशावर पट्टी ठेवली की रेघ अरबस्तान, आफ्रिका, अटलांटिक अशी पश्चिमेला जाते. पृथ्वी गोल आहे, नकाशा सपाट. त्या रेघेचा काही उपयोग नाही. घरात पोरांचा पृथ्वीगोल असेल तर कोल्हापुरावर दोऱ्याचं एक टोक दाबा, दुसरं सॅन फ्रान्सिस्कोवर, आणि दोरा ताणा. तो वर सरकतो. दिल्लीच्या आसपासून हिमालय, मग सायबेरिया, जवळजवळ ७५ अंश उत्तरेपर्यंत चढून अलास्कावरून खाली येतो. उजळाईवाडीच्या धावपट्टीवरून अमेरिकेकडं सरळ निघायचं तर विमानाचं नाक पश्चिमेला रंकाळ्याकडं नाही, उत्तरेला पेठ वडगाव आणि आष्टा यांच्या मधल्या दिशेला करावं लागेल.

आकडा हवा तर दोन्ही ठिकाणांचे अक्षांश-रेखांश घ्या. कोल्हापूर विमानतळ: १६.६६ उत्तर, ७४.२९ पूर्व. सॅन फ्रान्सिस्को: ३७.६२ उत्तर, १२२.३८ पश्चिम. आता कॅलक्युलेटर, अंशांच्या मोडमध्ये:

- दोन्ही अक्षांशांच्या साइनचा गुणाकार: ०.२८६७ × ०.६१०४ = ०.१७५
- दोन्ही अक्षांशांच्या कोसाइनचा गुणाकार, गुणिले रेखांशांतल्या फरकाचा कोसाइन: ०.९५८० × ०.७९२१ × (−०.९५८०) = −०.७२७
- बेरीज: −०.५५२. याचा उलटा कोसाइन (cos⁻¹ चं बटण): १२३.५ अंश
- एक अंश म्हणजे सुमारे १११.२ किलोमीटर. १२३.५ × १११.२ = साधारण १३,७३० किलोमीटर

पश्चिम रेखांश वजा धरायचा, म्हणजे फरक ७४.२९ − (−१२२.३८) = १९६.६७. वजा विसरलात तर उत्तर ५,२३० च्या आसपास येतं आणि तुम्ही कॅलिफोर्नियाऐवजी चीनच्या किनाऱ्यालगत समुद्रात उतरता. मी स्वतः पहिल्यांदा तिथंच उतरलो होतो. दुसरी चूक अंश-मिनिटांची. १६ अंश ४० मिनिटं म्हणजे १६.४० नव्हे, ४० ला ६० नं भागा, १६.६७ येतं.

हे सगळं नको असेल तर दोन कोड टाकून अंतर देणारी साधनं आहेत, तीही हाच हिशेब करतात. फक्त एकक बघा. हेच अंतर मैलांत सुमारे ८,५३० आणि नॉटिकल मैलांत ७,४१० भरतं. मैल म्हणजे १.६०९ किलोमीटर, नॉटिकल मैल १.८५२. आकड्यापुढचं एकक न वाचता "साडेआठ हजार किलोमीटर" सांगत फिरणारे मला माहीत आहेत.

*तपासा:* पृथ्वीवरच्या कुठल्याही दोन ठिकाणांत सरळ अंतर २०,००० किलोमीटरच्या फारसं वर जाऊच शकत नाही, कारण तो निम्मा घेर झाला. त्याहून मोठा आकडा आला तर हिशेब फाडून टाका.

३. प्रत्यक्ष वाटेचं अंतर जोडा

कोल्हापूरहून सॅन फ्रान्सिस्कोला थेट विमान नाही, त्यामुळं १३,७३० हा आकडा कुणीच उडत नाही. प्रत्येक टप्पा वेगळा काढून बेरीज करायची:

- कोल्हापूर–मुंबई सुमारे ३१० (हवाई, रस्त्यानं पावणेचारशेच्या वर)
- मुंबई–दुबई सुमारे १,९३०
- दुबई–सॅन फ्रान्सिस्को सुमारे १३,०२०

झाले १५,२६०. सरळ अंतराहून दीड हजार जास्त. दुबईऐवजी फ्रँकफर्ट घेतलं तर मुंबईपासून पुढं १५,७०० च्या आसपास, सिंगापूर घेतलं तर १७,५००. तिकीट स्वस्त का मिळतंय हे कधीकधी इथंच कळतं.

यातही थोडी भर धरा. हवाई मार्ग देशांच्या परवानगीवर आणि वाऱ्यावर ठरतात. २०२२ पासून अमेरिकी आणि बहुतेक युरोपीय कंपन्यांना रशियावरून जाता येत नाही. पाकिस्ताननं २४ एप्रिल २०२५ ला आपली हवाई हद्द भारतीय कंपन्यांना बंद केली तेव्हा उत्तर भारतातून पश्चिमेला निघणाऱ्या विमानांना लांबचा वळसा पडला. म्हणून एकाच मार्गावर दोन कंपन्यांचा वेळ तासा-दीड तासानं वेगळा दिसतो. ती छपाईची चूक नाही.

४. विमानातला वेळ

लांबच्या जेट विमानाचा वेग वरती ताशी ९०० किलोमीटरच्या आसपास असतो. पण सगळं अंतर ९०० नं भागू नका. धावपट्टीपर्यंत रांगत जाणं, वर चढणं, उतरताना घिरट्या, यात वेळ जातोच. मी टप्प्याचे किलोमीटर ८५० नं भागतो आणि ४० मिनिटं मिळवतो. दुबई–सॅन फ्रान्सिस्को: १३,०२० भागिले ८५० म्हणजे १५ तास १९ मिनिटं, अधिक ४०, म्हणजे १६ तासांच्या जवळ. तिकिटावर १५:५० असेल तर जमलं. कोल्हापूर–मुंबईसारख्या छोट्या उड्डाणाला हे सूत्र लावू नका, तिथं सरळ तासभर धरा.

जातानाचा आणि येतानाचा वेळ सारखा नसतो. युरोपच्या अक्षांशांत वरचे जोरदार वारे पश्चिमेकडून पूर्वेला वाहतात. मुंबई–लंडन जाताना लागतो त्याहून येताना साधारण तासभर कमी लागतो.

*सावधान:* हा वेळ ताळा करायला आहे, ठरवायला नाही. ठरवायचं तिकिटावरूनच.

५. सगळी घड्याळं कोल्हापूरच्या घड्याळात आणा

काकूंची चूक इथली. तिकिटावर प्रत्येक वेळ त्या-त्या गावाची असते. दोन गावांच्या वेळा एकमेकांतून वजा करणं म्हणजे किलोतून शेर वजा करणं.

आधी फरक लिहून घ्या. दुबई आपल्या दीड तास मागं. सॅन फ्रान्सिस्को हिवाळ्यात साडेतेरा तास मागं, उन्हाळ्यात साडेबारा. लंडन हिवाळ्यात साडेपाच, उन्हाळ्यात साडेचार मागं. सिंगापूर अडीच तास पुढं.

आता तिकीट (जानेवारीतलं समजा) ओळीनं उतरवा आणि शेजारी भारतीय वेळ लिहा:

- मुंबई सुटणं रविवार ४:३० | भारतात रविवार ४:३०
- दुबई पोचणं रविवार ६:०५ | भारतात रविवार ७:३५
- दुबई सुटणं रविवार ८:५० | भारतात रविवार १०:२०
- सॅन फ्रान्सिस्को पोचणं रविवार १२:४० | भारतात सोमवार २:१० पहाट

उजव्या बाजूचं पहिलं आणि शेवटचं घ्या: रविवार ४:३० ते सोमवार २:१०, म्हणजे २१ तास ४० मिनिटं. ताळा करा: ३:०५ हवेत, २:४५ दुबईत, १५:५० हवेत. बेरीज २१:४०. जुळलं तर पुढं जा. नाही जुळलं तर चूक जवळजवळ नेहमी एक तासाची किंवा बारा तासांची असते. एक तासाची असेल तर उन्हाळी वेळ विसरलात. बारा तासांची असेल तर पहाट आणि दुपार यांची गल्लत.

उन्हाळी वेळेचं थोडं जास्त सांगतो, कारण आपल्याकडं ती भानगडच नसल्यानं डोक्यात बसत नाही. अमेरिकेत मार्चच्या दुसऱ्या रविवारी घड्याळ तासभर पुढं जातं आणि नोव्हेंबरच्या पहिल्या रविवारी परत येतं. युरोपात मार्चचा शेवटचा रविवार आणि ऑक्टोबरचा शेवटचा. दुबई, सिंगापूर आपल्यासारखीच, वर्षभर एकच वेळ. म्हणजे मार्चच्या मधले दोन-तीन आठवडे अमेरिका पुढं गेलेली आणि युरोप जुन्याच वेळेवर. त्या दिवसांत फ्रँकफर्टमार्गे जाणाऱ्यांनी पाठ केलेला फरक वापरू नये. ऑस्ट्रेलियात सगळंच उलटं: सिडनीची उन्हाळी वेळ ऑक्टोबरच्या पहिल्या रविवारी सुरू होते, एप्रिलच्या पहिल्या रविवारी संपते.

*तपासा:* जायची आणि यायची तारीख या बदलाच्या दोन बाजूंना पडत असेल, तर जाताना एक फरक आणि येताना दुसरा.

६. तारीख. इथं विमान चुकतं

वेळ चुकली तर माणूस विमानतळावर ताटकळतो. तारीख चुकली तर विमान गेलेलं असतं.

आमच्या गल्लीतल्या एका गृहस्थांचं तिकीट १५ जानेवारी, १:४० चं होतं. स्वयंपाकघरातल्या कॅलेंडरवर त्यांनी १५ ला लाल पेनानं गोल केला होता, दुधाच्या खुणांच्या मधोमध. चौदाला संक्रांतीचा तिळगूळ द्यायला गेलो तर बॅगा अजून माळ्यावर, आणि वहिनी सांगतायत, "उद्या दुपारी निघायचं, विमान रात्री आहे." मी तिकीट मागितलं. पंधराची रात्र नव्हती ती; चौदा संपून पंधरा लागल्यावर एक तास चाळीस मिनिटांनी विमान सुटणार होतं. घड्याळात सकाळचे साडेअकरा. पुढच्या तासाभरात त्या घरात जे झालं ते लिहीत नाही. गाडी सव्वाला निघाली, विमान मिळालं, लोणच्याची बरणी राहिली.

ही चूक अडाणीपणाची नाही, भाषेची आहे. आपला वार सूर्योदयाला बदलतो. मराठीत "मंगळवारी रात्री दोनला" म्हटलं की मंगळवारची रात्र, घड्याळाच्या हिशेबानं बुधवार. तिकीट मात्र मध्यरात्री पान उलटतं. मुंबईतून परदेशी जाणारी कितीतरी विमानं याच मधल्या पट्ट्यात, मध्यरात्र ते पहाट, सुटतात.

म्हणून असं करा:

- तिकिटावरची वेळ ००:०० ते ०५:५९ मध्ये असेल तर कॅलेंडरवर गोल आदल्या दिवशी करा आणि त्यात लिहा "आज घर सोडायचं".
- घरात बोलताना दोन वारांची जोडी बोला: "शनिवार-रविवारच्या मधली रात्र." नुसतं "रविवारी" म्हणू नका.
- पोचण्याच्या वेळेपुढं बारीक अक्षरात अधिक एक किंवा अधिक दोन असं असतं. ते शुल्क नव्हे. सुटल्याच्या तारखेत तितके दिवस मिळवायचे.
- बारा तासांच्या घड्याळात १२:१५ एएम म्हणजे मध्यरात्रीनंतरची पंधरा मिनिटं, दुपार नव्हे.

७. मागून पुढं: घर कधी सोडायचं

हा हिशेब नेहमी विमानाच्या वेळेपासून उलटा करायचा. "जेवून निघू" असा पुढून केला की घाटात घाम फुटतो.

विमान रविवार ४:३०. आंतरराष्ट्रीय चेक-इन काउंटर साधारण तासभर आधी बंद होतो, काही कंपन्या त्याहून आधी करतात. तिकिटावर असतं, वाचा. सहारला मी चार तास आधी पोचतो, म्हणजे ००:३०. कोल्हापूर ते सहार गाडीनं चहा-जेवण धरून आठ तास. त्यावर अडीच तास राखीव: खंबाटकी, पुण्याचा बाह्यवळण रस्ता, द्रुतगतीवरचा घाट, आणि पनवेल ते अंधेरी, जे किलोमीटरांत मोजायचंच नसतं. शनिवार दुपारी २:०० ला गाडी हलली पाहिजे. हलली म्हणजे हलली. देवाला नमस्कार, शेजाऱ्यांचा निरोप, सगळं त्याच्या आधी.

आता पूर्ण बेरीज. रस्ता आणि राखीव १०:३०, विमानतळावर ४:००, तिकिटावरचा प्रवास २१:४०, उतरल्यावर इमिग्रेशन, बॅगा आणि मुलाच्या घरापर्यंत सुमारे २:५०. एकूण ३९ तास. त्यातले हवेत १९ सुद्धा नाहीत. गोळ्या, डबा, मधुमेहींचं खाणं यांची तयारी ३९ च्या आकड्यावर करा.

रात्रीच्या महालक्ष्मी एक्स्प्रेसनं जाणार असाल तर घर सोडायच्या या दिवसाच्या आदल्या रात्रीची, म्हणजे इथं शुक्रवारी रात्रीची गाडी धरा. दिवसभर मुंबईत नातेवाइकांकडं टेकता येतं. उजळाईवाडीहून विमानानं जाणार असाल तर दोन गोष्टी. ते उड्डाण रोज आहे का बघा. आणि ते वेगळ्या तिकिटावर असेल तर पावसात-धुक्यात रद्द झाल्यावर पुढचं विमान तुमच्यासाठी थांबत नाही, पैसेही बुडतात. एकाच तिकिटावर सगळे टप्पे असतील तर पुढची सोय लावणं कंपनीचं काम. थोडे जास्त पैसे गेले तरी मी एकच तिकीट घेईन.

*सावधान, जुलै-ऑगस्ट:* २०१९ आणि २०२१ च्या पुरात शिरोलीजवळ महामार्गच पाण्याखाली गेला होता. पंचगंगेची पातळी इशाऱ्याकडं सरकायला लागली की विमानाची वेळ बघत बसू नका, एक-दोन दिवस आधीच पुणे गाठा.

*तपासा:* मधल्या थांब्याला ट्रान्झिट व्हिसा लागतो का? नियम देशागणिक वेगळे आणि बदलते असतात. तिकीट काढण्याआधी त्या देशाच्या दूतावासाच्या संकेतस्थळावर बघा.

८. परतीचा हिशेब वेगळा मांडा

जातानाचा कागद उलटा वाचून चालत नाही. जाताना सूर्याच्या मागं धावता म्हणून दिवस वाचल्यासारखा वाटतो, येताना तो परत द्यावा लागतो:

- सॅन फ्रान्सिस्को सुटणं सोमवार १५:४५ | भारतात मंगळवार ५:१५
- दुबई पोचणं मंगळवार १९:१० | भारतात मंगळवार २०:४०
- दुबई सुटणं मंगळवार २१:५० | भारतात मंगळवार २३:२०
- मुंबई पोचणं बुधवार २:१५

सोमवारी निघून बुधवारी. प्रवास मात्र २१ तासांचाच. सुट्टी मंगळवारपर्यंतच मागितलेला एक भाचा माझ्याकडं आहे.

अमेरिकेत पुढं देशांतर्गत विमान असेल तर सहसा पहिल्या विमानतळावरच बॅगा ताब्यात घेऊन पुन्हा द्याव्या लागतात. परत येताना मुंबईतही तसंच: कस्टम्स तिथंच होतं, पुढचं कोल्हापूरचं तिकीट असलं तरी. त्या जोडणीला तीन तासांहून कमी वेळ ठेवू नका.

२:१५ ला उतरलात तर बाहेर यायला पावणेचार-चार. रात्रीच्या बसगाड्या तोवर निघून गेलेल्या असतात, सकाळच्या कोयना एक्स्प्रेसला अजून बराच वेळ असतो. गाडी बोलावणार असाल तर चालकाला वार सांगताना तीच जोडी वापरा, मंगळवार-बुधवारच्या मधली रात्र, आणि त्याला मंगळवारी संध्याकाळीच मुंबईत पोचून चार तास झोपायला सांगा. झोपेची जागा आणि जेवणाचे पैसे ठरलेल्या भाड्यात धरून घ्या, म्हणजे तो खरंच झोपेल.